दिवेलागणीचा फोन

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांनी विचारलं आहे: "माझी मुलगी यंदा बारावी होऊन बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला अमरावतीत गेली. वसतिगृहात राहते. सोळा दिवस झाले. रोज संध्याकाळी फोन करते अन् रडते. 'बाबा, मले इथं करमत नाही, घरी घेऊन जा,' इतकंच म्हणते. वर्गात समजत नाही म्हणते, जेवण जात नाही म्हणते. तिची आई म्हणते, पोळ्याले आणा अन् मग पाठवूच नका, तालुक्याच्या कॉलेजात टाका. गावातले लोकही तेच म्हणून राहिले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी ही पहिलीच. आम्ही काय करावं?"

भाऊ, आधी थेट उत्तर देते, कारणं मागून सांगते. तिला पोळ्याला जरूर आणा. पोळा झाला की परत पाठवा, आणि कॉलेज बदलायचा विषय दिवाळीपर्यंत घरात काढूच नका. पण त्याच्याही आधी, येत्या दोन-चार दिवसांत, ती नेमकी कशानं रडते ते शोधून काढा. "करमत नाही" या दोन शब्दांच्या पोटात चार-पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

मी चोवीस वर्षांपासून मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे. दर पावसाळ्यात साठ-सत्तर नव्या मुली येतात. घाटंजी-पांढरकवड्याकडच्या, मालेगाव-रिसोडच्या, धारणी-चिखलदऱ्याकडून आलेल्या कोरकू बोलणाऱ्या. पहिल्या पंधरवड्यात एकदाही न रडलेली मुलगी मला क्वचितच भेटली. तेव्हा सोळा दिवस म्हणजे फार झाले असं धरू नका. माझ्या पाहण्यात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रडणं विरळ होतं आणि दीड-दोन महिन्यांत बहुतेक मुली रुळतात. काहींना पूर्ण पहिलं सत्र लागतं, आणि त्याही पुढे छान शिकतात.

तुमच्या प्रश्नातले "रोज संध्याकाळी" हे दोन शब्द मी पुन्हा वाचले. दिवेलागणीला तुमच्या घरी काय चालू असतं ते आठवा. गुरं परतलेली असतात, धार काढायची असते, वहिनींची चूल पेटलेली असते. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होणारं गाव असेल, तर मंदिरात माणसं गोळा होत असतात. पोरगी त्या वेळी कधी रिकामी नव्हती. भाकरी थापायच्या, लहान भावाला पाढे म्हणायला लावायचे, शेजारच्या काकूकडून विरजण आणायचं. वसतिगृहात कॉलेज चार-पाचला सुटतं आणि मेसची घंटा आठला होते. मधले तीन तास तिला कोणी हाक मारत नाही. अंधार पडतो, खोलीत ट्यूबलाइट लागते आणि हात आपसूक फोनकडे जातो. इकडे आईही त्या वेळी तिच्या आठवणीनं हळवी झालेली असते. दोघी रडतात. मग वहिनी उठून कामाला लागतात, सगळ्यांना वाढतात. पोरगी पलंगावर तशीच बसून राहते, घंटा झाली तरी उठत नाही, आणि जेवण जात नाही ते यामुळेही असू शकतं. दुपारी प्रॅक्टिकलच्या वेळी ती कशी होती, हे तुम्हाला कळतच नाही. तिच्या दिवसातला सगळ्यांत वाईट तास तेवढा तुम्हाला रोज ऐकू येतो.

म्हणून पहिला बदल फोनच्या वेळेचा करा. फोन बंद करू नका, ते क्रूर होईल. तिला सांगा, "बाई, तू आधी जेव, मग नऊ वाजता आपण बोलू, मी स्वतः लावतो." आणि नऊ म्हणजे नऊ, त्यात चुकू नका. जेवलेल्या पोटी बोलणारी मुलगी वेगळं बोलते. "करमते का?" असं विचारू नका, त्याला रडण्याशिवाय उत्तर नसतं. आज भाजी कोणती होती, ताटावर बाजूला कोण बसली होती, तिचं गाव कोणतं, असं विचारा. घरचंही सांगा. कपाशीला डवरणी झाली का, गाय कधी विणार, पाऊस कुठवर आला. पोरींना घर जागच्या जागी आहे हे ऐकायचं असतं. मात्र "तुझ्याशिवाय घर खायला उठते" हे वाक्य वहिनींनी सध्या मनात ठेवावं. मायेनं म्हटलेलं ते वाक्य मुलीला त्याच रात्री बॅग भरायला लावतं, हे मी कितीदा पाहिलं आहे.

आता करमत नाही म्हणजे काय होतं ते सांगते. गावात तिला स्वतःची ओळख कधी द्यावी लागली नाही. एसटीतून उतरली की पानठेल्यावरचा माणूसही सांगणार, अमक्याची पोरगी आली. अनोळखी म्हातारी भेटली तरी ती विचारते, "कोणाची व तू?" आणि उत्तर ऐकलं की आजोबांपर्यंतची नाती काढते. अमरावतीत शंभर मुलांच्या वर्गात तिला हे विचारणारं कोणी नाही. हजेरीत ती एक नंबर आहे. सतरा-अठरा वर्षं जिला सगळे ओळखत होते, तिला एकाएकी कोणीच ओळखत नाही, याचा जो घोर लागतो त्याला आपण आठवण म्हणतो. पहिल्या आठवड्यांत काम एकच असतं, तिथं पाच-सात माणसांच्या ओळखीचं होणं. अभ्यास त्याच्या मागून येतो.

मी नव्या मुलींच्या खोलीत गेले की आधी बादली बघते. मागे कळंबकडची एक मुलगी होती. एकोणीस दिवस झाले तरी तिच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप. सकाळी लागेल तेवढा ड्रेस काढायचा, पुन्हा कुलूप लावायचं. भिंतीतल्या कपाटातला तिचा कप्पा रिकामा, त्यात नुसता वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला. अंघोळीला बाजूच्या पोरीची बादली मागून न्यायची. मी म्हटलं, बादली का घेतली नाहीस? तर म्हणाली, "जायचंच आहे ना मॅडम, कायले पैसे घालू?" तिची पेटी, तिचं कुलूप, सगळं तेच सांगत होतं. रविवारी दोघींबरोबर तिला बाजारात पाठवलं. निळी बादली, मग्गा आणि कपडे वाळवायची दोरी घेऊन आल्या. दुसरीची बादली तशीच निळी होती, म्हणून तिनं आपल्या बादलीवर लाल नेलपॉलिशनं नाव लिहिलं आणि त्याखाली गावाचं नाव. दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरची एक जण नळापाशी ते वाचून थांबली. तिच्या मावशीचं सासर त्याच गावचं. "कोणाची व तू?" तिनं विचारलं. त्या रात्री दोघी एका ताटावर जेवल्या. पेटीचं कुलूप मी नंतर पाहिलं नाही, कारण पेटी पलंगाखाली गेली होती आणि कपडे कप्प्यात आले होते.

तुमच्या मुलीला विचारा, बादली घेतली का, पेटी उघडली का. नसेल तर पोळ्याची वाट न बघता त्यासाठी थोडे पैसे पाठवा. खर्च थोडा आहे, पण "तू तिथं राहायला गेली आहेस" हे तुमच्या तोंडून तिला त्यातून ऐकू येईल.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. एक मुलगी जेवायला येत नव्हती, रडायची. मी धरून चालले की घरची आठवण आहे, आणि बारा दिवस तिची समजूत काढत राहिले. शेवटी मेसच्या मावशीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ते पोरगी ताट घेते, दाराशी वही दिसली का ठेवून देते." त्या वहीत मेसचे पैसे भरलेल्यांच्या नावापुढे खूण असायची. हिच्यापुढे नव्हती. वडील "दहा तारखेला पाठवतो" म्हणाले होते, त्यांची सोय झाली नव्हती, आणि कोणीतरी सगळ्यांसमोर हातातलं ताट काढून घेईल अशी तिला धास्ती होती. बारा दिवस ती बिस्किटांवर राहिली, माझ्या खोलीपासून वीस पावलांवर. तेव्हापासून मी रडणाऱ्या मुलीला आधी तीन गोष्टी विचारते: काल दिवसभरात काय खाल्लं, रात्री किती झोपलीस, आणि जवळ पैसे किती आहेत. तुम्हीही हेच विचारा, याच क्रमानं.

पैशाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या पोरींच्या मनावर याचं ओझं फार असतं आणि त्या ते बोलत नाहीत. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास घरात येतं, कापूस दिवाळीच्या पुढे-मागे. कॉलेजची फी, वसतिगृहाचं डिपॉझिट, मेसचे पैसे हे सगळं मात्र जुलै-ऑगस्टमध्ये द्यावं लागतं, जेव्हा घरात काही येत नसतं आणि असलेलं खतात अन् फवारणीत जात असतं. बाबांनी पैसे कुठून काढले हे मुलीला बरोबर माहीत असतं. वर्गात एखादा दिवस काही समजलं नाही की तिला लगेच वाटतं, बाबाचा पैसा वाया चालला. मग घरी परत जाणं हा तिला खर्च वाचवायचा मार्ग वाटू लागतो. तिला समोर बसवून आकडे सांगा. वर्षाला इतके लागतात, इतके भरले, उरलेले सोयाबीन विकलं की भरू, तुझ्या हातखर्चाला महिन्याला इतके, आणि ते अमुक तारखेला येतील. पैसे कमी आहेत हे मुली सोसतात. केव्हा येतील ते ठाऊक नसणं त्यांना सोसत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर असतो, तो कॉलेज सुरू झाल्या-झाल्या भरा. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला हे तहसीलमधून काढायला वेळ लागतो, म्हणून पोळ्याला ती गावी येईल तेव्हा तिच्यासोबत फाइल तयार करून ठेवा. एका गोष्टीची खातरजमा बँकेत जाऊन करा. ही रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जमा होते. शाळेत असताना उघडलेलं एखादं जुनं खातं आधारला जोडलेलं राहिलं, तर पैसे तिकडे जातात आणि पोरगी नव्या खात्यात वाट बघत बसते. असं दरवर्षी कोणाचं तरी होतं. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. त्यात अमरावतीसारख्या विभागीय ठिकाणी वर्षाला ५१ हजार आणि नागपुरात ६० हजार रुपये मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयंम् योजना आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाही, म्हणून तिन्ही सांगितल्या. समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात एक फेरी मारलीत तर ती फुकट जाणार नाही.

"वर्गात समजत नाही" हे खरं आहे, ती बहाणा करत नाही. बारावीला पुस्तक इंग्रजीत असलं तरी सर मराठीत समजावून देत, पाठ करून घेत. इथं वर्ग मोठा, वेग जास्त, आणि कोणी वही तपासत नाही. शिवाय २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना कॉलेजांत आली आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे शब्द ऐकून पोरी आधीच घाबरतात. आपला कोणता तास कोणत्या खोलीत आहे हेच कित्येकींना दोन आठवडे कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. तिला सांगा, वेळापत्रक वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहून घे. दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बस, मागे नको. पहिला महिना सगळं समजून घ्यायचा हट्ट नको. प्रत्येक प्रकरणात तेच वीस-पंचवीस इंग्रजी शब्द फिरून-फिरून येतात. तेवढे रोज वहीच्या मागच्या पानावर मराठी अर्थासह लिहायचे. टिश्यू म्हणजे ऊती, सेल म्हणजे पेशी, हे तिला येतंच, फक्त वेगात ओळखता येत नाही. कान सरावला की तेच सर समजू लागतात.

आणि प्रॅक्टिकल एकही चुकवू नये. अभ्यासासाठी तर आहेच, पण त्याहून मोठं कारण हे की तिथं वर्गाच्या लहान तुकड्या होतात, टेबलावर जोडीदारीण असते, आणि एका मायक्रोस्कोपमध्ये आळीपाळीनं बघताना बोलावंच लागतं. माझ्या मुलींच्या पक्क्या मैत्रिणी विचारल्या तर निम्म्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या निघतात. तसंच राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालायला सांगा. वर्षाला १२० तासांचं काम असतं आणि सात दिवसांचं शिबिर खेड्यात होतं. तिथं चूल पेटवता येणारी, विळा धरता येणारी, म्हाताऱ्यांशी बोलता येणारी मुलगी सगळ्यांत पुढे असते. शहरातल्या मुली तिला विचारत येतात. वर्गात मागे पडल्यासारखं वाटणाऱ्या पोरीला त्या सात दिवसांत स्वतःची किंमत कळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पालक शिक्षक नेमलेले असतात. त्यांचं नाव तिला माहीत आहे का, तेही विचारा.

आपली वऱ्हाडी बोलण्याची भीती असेल तर ती फार काळ टिकत नाही. "मी जाऊन राहिली" म्हटलं म्हणून एखादी हसली असेल. अमरावतीत सगळेच असं बोलतात, हसणारीची आईही घरी तसंच बोलते.

पुढचं वहिनींसाठी आहे, त्यांनीच तिच्याशी बोलावं. नव्या जागी आल्यावर मुलींची पाळी पुढे-मागे होते. ताण, जागरण, बदललेलं खाणं यामुळे ते होतं, पण पोरगी एकटीच घाबरून बसते आणि कोणाला विचारत नाही. दुसरं, सकाळी संडासला रांग असते. आपल्या मुली लाजून थांबतात, मग पाणीच कमी पितात, आणि पोट जड होऊन जेवण जात नाही. तिला अर्धा तास लवकर उठायला सांगा, आणि दिवसभरात पाण्याची बाटली दोनदा तरी रिकामी झाली पाहिजे हेही. हे दिवस डेंग्यू-मलेरियाचे आहेत. अंगात कसकस असेल तर "घरच्या आठवणीनं असेल" म्हणून सोडू नये, रक्त तपासावं. पाळी दोन महिने आलीच नाही, तर डॉक्टरकडे न्यावं. डब्यात ठेचा, जवसाची चटणी, भाजलेल्या शेंगा पाठवत जा. मेसचं वरण पातळ असतं, पण चमचाभर घरची चटणी असली की पोरी पूर्ण जेवतात. जास्त पाठवा, म्हणजे खोलीतल्या बाकीच्यांना देता येईल. चटणीच्या बरणीभोवती ज्या ओळखी होतात त्या फार पुढे टिकतात.

मी स्वतः १९८७ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यातून अमरावतीत शिकायला आले. फोन नव्हता. आई आठवड्यातून एकदा एसटीच्या ड्रायव्हरजवळ डबा द्यायची, मी स्टँडवर जाऊन घ्यायची. फडक्याच्या गाठीवरून कळायचं, आईनं बांधला की वहिनीनं. डबा आला की मी हमखास रडायची, बाकीचे सहा दिवस बरी असायची. एका आठवड्यात गाडी फेल झाली आणि डबा आलाच नाही. स्टँडवर अंधार पडेपर्यंत उभी राहून परतले, तर खोलीतल्या अचलपूरच्या मुलीनं माझ्या वाटणीची पोळी झाकून ठेवली होती. तिच्या-माझ्यात तोवर चार वाक्यंही झाली नव्हती. आज तिच्या नातवंडांच्या बारशालाही मी जाते. खेड्यातल्या मुलांना शहरात शाळेइतकीच राहायच्या जागेची गरज असते. पापळसारख्या खेड्यातून निघून परदेशापर्यंत शिकलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते काही उगीच नाही. बाहेर राहून शिकणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

आता पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणीला, म्हणजे बैलांचे खांदे शेकतात तेव्हा, तिला घरी येऊ द्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" हे बैलांना सांगताना ती तिथं असली पाहिजे. पोळा, पोळ्यानंतरच्या दिवशीची कर, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. ही परतीची तारीख ती यायच्या आधीच, फोनवर, ठरवून टाका. घरी आल्यावर ठरवू म्हणाल तर जायच्या दिवशी सगळेच रडतील आणि कोणीतरी "राहू द्या आजचा दिवस" म्हणेल. अडचण अशी की पोळ्यापाठोपाठ आठ-दहा दिवसांत महालक्ष्म्या येतात, आणि वहिनींना वाटणार की आंबील-पुरणाला लेक हवीच. पहिल्या वर्षी दोन्ही नका करू. एका सणाला ती येईल, दुसऱ्याला तुम्ही दोघं प्रसाद घेऊन तिच्याकडे जा. दहा दिवसांत दोन फेऱ्या झाल्या की तिला दोन्हीकडे पाहुण्यासारखं वाटतं.

आणि दर शनिवारी गावी येण्याची सवय लावू नका. मुलींना वाटतं, आठवडाभर कॉलेज, दोन दिवस घर, मग जमेल. पण वसतिगृहाचं खरं जगणं रविवारी असतं. सगळ्या एकत्र कपडे धुतात, केसांना तेल लावतात, मेसमध्ये काहीतरी गोड असतं, दुपारी कोणाच्या तरी पलंगावर पाच जणी आडव्या पडून गप्पा मारतात. जी दर रविवारी गावाला असते तिला सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पोळ्याहून परतली की सलग तीन रविवार तिनं तिथं काढावेत. तिसऱ्या रविवारी काय फरक पडला ते मला नंतर जरूर कळवा.

हे तिला वाचून दाखवा:

बेटा, तुझ्यात काही कमी नाही, आणि तू एकटीच रडत नाहीस. तुझ्या शेजारची उशीत तोंड खुपसून रडते, म्हणून तुला ऐकू येत नाही. संध्याकाळी पाच ते आठ खोलीत बसू नकोस. लायब्ररीत जा, गच्चीवर कपडे काढायला जा, मैदानाला चक्कर मार, मेसच्या मावशीला भाजी निवडू लाग. कशात तरी हात घाल. रोज एका नव्या मुलीला तिचं नाव आणि गाव विचार. तुला कोणी विचारत नाही असं वाटतं ना, तसंच त्यांनाही वाटतं, तूच आधी विचार. वर्गात समजलं नाही तर तास संपल्यावर सरांना दारात गाठून एकच प्रश्न विचार, दुसऱ्या दिवशी ते तुला चेहऱ्यानं ओळखतील. घरी सगळं ठीक आहे. बाबांनी भरलेले पैसे त्यांनी विचार करून भरले आहेत, तो हिशेब तू डोक्यात चालवू नकोस.

भाऊ, काही गोष्टींत मात्र वाट बघायची नसते. सीनियर मुली त्रास देतात, कामं करून घेतात, खोलीत बोलावून काही करायला लावतात, असा नुसता संशय जरी आला तरी त्याच दिवशी गृहपाल आणि प्राचार्यांना भेटा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. नाव न सांगताही तक्रार करता येते. एखाद्या माणसाच्या वागण्यानं ती घाबरली असेल, कॉलेजातल्या की रस्त्यावरच्या, तर तिला "तू तिकडून जाऊच नको" म्हणू नका, तिचं सगळं ऐकून घ्या. ती सलग जेवत नाही, रात्र-रात्र जागी असते, खोलीबाहेर पडत नाही, दीड महिना उलटूनही तसूभर फरक नाही, किंवा "जगून काय करू" असं काही बोलली, तर ते आठवण नाही. लगेच निघा, तिच्याजवळ जा, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा, क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि सगळं करूनही दिवाळीत ती शांतपणे, न रडता म्हणाली की मला तालुक्यालाच शिकायचं आहे, तर तेव्हा तिचं ऐका. तालुक्याच्या कॉलेजात शिकलेल्या कितीतरी मुली पुढे गेल्या आहेत. फक्त हा निर्णय संध्याकाळच्या फोनवर होऊ नये. मध्येच प्रवेश रद्द केला तर दुसरीकडे जागा मिळेलच असं नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, वर्ष जाऊ शकतं. गावातल्या लोकांना हे बघावं लागत नाही.

या आठवड्यात एक दिवस तुम्ही आणि वहिनी अमरावतीला जा. रविवार नको, त्या दिवशी गर्दी असते आणि गृहपाल बाईंना बोलायला वेळ नसतो. मंगळवार-बुधवार बघा, दुपारी पोहोचा. तिला भेटायच्या आधी गृहपालांना भेटा, तिच्या खोलीतल्या मुलींची नावं विचारा, मेसच्या मावशीशी दोन शब्द बोला, बादलीचं बघा. तिच्यासोबत त्याच मेसमध्ये जेवा, कूपन घेऊन जेवता येतं. साडेपाचच्या आत परतीच्या गाडीत बसा, म्हणजे दिवेलागणीला ती तुम्हाला निरोप देत उभी असणार नाही. गृहपालांचा नंबर तुमच्याकडे असेलच, वहिनींच्या फोनमध्येही घालून द्या.